पहिला शिक्का

अण्णा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुमची आठवण आली की मला बरंच वाटायचं, कारण मी तुमच्यासारखी नाही एवढं त्या आठवणीतून दर वेळी पक्कं व्हायचं. स्वतःला चांगलं म्हणवून घ्यायला एखादा वाईट माणूस हाताशी असावा लागतो आणि त्या कामाला तुम्ही फार उपयोगी पडलात. जिवंतपणी नव्हतात तेवढे मेल्यावर पडलात. या मार्चपर्यंत आपलं हे छान चाललं होतं. मी इथे टोकियोच्या ओजिमात, सरकारी वसाहतीच्या अकराव्या मजल्यावर, न्यायाधीश. आणि तुम्ही जिथे कुठे असाल तिथे गुन्हेगार.

गुन्हा काय ते तुम्हाला आठवतही नसेल, म्हणून सांगते. पौड रस्त्यालगतची आपली सोसायटी, सोळा फ्लॅट, मी सातवीत. पहिल्या मजल्यावर सोसायटीतलं एकुलतं एक बौद्ध कुटुंब राहायचं. ते काका सरकारी खात्यात इंजिनियर होते. गच्चीवरची टाकी गळत होती ती त्यांनी रविवारचा दिवस घालवून, स्वतः उन्हात उभं राहून दुरुस्त करून घेतली आणि आपल्या चौथ्या मजल्यावर पहिल्यांदा धड पाणी चढलं. आईचं बादल्या वाहणं थांबलं ते त्या माणसामुळे. त्या वर्षी ते सोसायटीच्या अध्यक्षपदाला उभे राहिले. त्यांच्या विरोधात तिसऱ्या मजल्यावरचे कापडदुकानवाले होते, जे कधी सभेलासुद्धा यायचे नाहीत. तुम्ही स्वतः उभे नव्हतात, तुम्हाला काही मिळायचं नव्हतं. तुम्ही फक्त एक कागद तयार केलात, ‘आम्ही खालील सभासद’ अशी सुरुवात असलेला, आणि मला हाक मारलीत. ‘आण गं तुझं ते नवं पेन. पहिली सही उठून दिसली पाहिजे.’ ते पेन मला स्कॉलरशिप मिळाली म्हणून पहिल्या मजल्यावरच्या काकूंनीच दिलं होतं. काळं, सोनेरी टोपणाचं, हातात घेतलं की जड लागायचं. तुम्हाला ते माहीत होतं, कारण त्यांनी ते तुमच्यासमोर माझ्या हातात दिलं होतं आणि तुम्ही मला त्यांच्या पाया पडायला लावलं होतंत.

त्याच पेनाने तुम्ही त्यांच्या नवऱ्याच्या विरोधात पहिली सही केलीत, मुख्याध्यापकाची, वळणदार, आणि मला बरोबर घेऊन दारोदार निघालात. सोबत मुलगी असली की लोक वाद घालत नाहीत, असं तुम्ही आईला सांगितलंत. मी पुठ्ठा धरून उभी असायचे. तुम्ही प्रत्येक दारात तेच म्हणायचात: ‘माणूस हिरा आहे हो. टाकीचं काम बघितलंत ना तुम्ही? पण…’ आणि थांबायचात. पुढे एक शब्द नाही. समोरचा माणूस मान हलवायचा, कागदावरची तुमची सही बघायचा आणि पेन मागायचा. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या जिन्यात मी विचारलं, ‘पण काय, अण्णा?’ तुम्ही माझ्या दंडाला चिमटा काढलात. दुखेल असा. म्हणालात, ‘मोठ्यांचं बोलणं आपण पुरं करायचं नसतं. ज्याचं त्याला कळतं.’ चौदा सह्या झाल्या. वर्षाच्या आत ते कुटुंब फ्लॅट विकून गेलं. जाण्याच्या आधी काकू मला जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, ‘पेन चालतंय ना गं नीट?’ मी हो म्हटलं. त्यानंतर मी त्या पेनाने एक अक्षर लिहिलं नाही, आणि याचासुद्धा मला अभिमान होता.

हे सगळं मी तुम्हाला एकदाच बोलून दाखवलं. तुमची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती, आणि वहिनीने फोन तुमच्या कानाला लावला. मी तिला म्हटलं, फोन कानाशी उशीवर ठेव आणि जरा बाहेर जा, मला अण्णांशी एकटीला बोलायचंय. इथे दुपार होती, लेक बालवाडीत होती, मी स्वयंपाकघरात खुर्ची ओढून निवांत बसले. मी तुम्हाला टाकीपासून पेनापर्यंत सगळं ऐकवलं. तुमच्यासारखी नेभळट, गोड बोलणारी माणसं मी आयुष्यात दुसरी पाहिली नाहीत असं सांगितलं. शाळेतली पोरं तुमच्यासाठी रडतील ती तुम्हाला ओळखत नाहीत म्हणून, असंही सांगितलं. आणि शेवटी म्हटलं, मी भेटायला येणार नाही, आणि तुम्हाला आता बोलता येत नाही हे मला फार आवडलं आहे. हे वाक्य मी आधी मनात दोनदा म्हणून बघितलं होतं. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. वहिनीला मी सांगितलं की फोनवर तुम्हाला रामरक्षा म्हणून दाखवली. तिने ते आल्यागेल्याला सांगितलं आणि लोकांनी डोळे पुसले म्हणे.

आता या वर्षाचं सांगते. फेब्रुवारीत लेकीच्या शाळेत निबंधाला विषय दिला होता. देशाच्या अध्यक्षपदाला उभ्या राहिलेल्या माणसाचा वंश मतदारांनी विचारात घ्यावा का, असा काहीतरी. ती सतरा वर्षांची आहे. मी मराठीत विचारते आणि ती जपानीत उत्तर देते, असं आमचं चालतं. मी पोळ्या लाटत होते, ती ओट्याला टेकून वहीत लिहीत होती. मी मोठ्या तोंडाने मुद्दे सांगत होते. वंश बघून मत नाकारणं हा नीचपणा आहे. वंश बघून ‘आपला माणूस’ म्हणून मत देणं हासुद्धा त्याचाच सख्खा भाऊ आहे. माणूस काम काय करतो ते बघावं. तिने विचारलं, ‘सगळ्यांना हे माहीत असतं, तरी लोक तसं का करतात?’ म्हणून मी तिला तुमची गोष्ट सांगितली, पेनासकट. ती लिहायची थांबली. ‘आजोबा हिदोई,’ म्हणाली. हिदोई म्हणजे भयंकर, दुष्ट. मला फार बरं वाटलं. मी तव्यावरची पोळी उलटत म्हटलं, ‘लिही, लिही तसंच.’ तिने तुम्हाला निबंधात घातलं, वर्गात वाचून दाखवलं, आणि बाईंनी तिचं कौतुक केलं. टोकियोतली तीसेक मुलं आता तुम्हाला ओळखतात.

तीन आठवड्यांनी आमच्या वसाहतीच्या रहिवासी संघाची निवडणूक आली. अध्यक्षाला इथे काइचो म्हणतात. हे पद कुणालाच नको असतं. कचऱ्याचे वार, उन्हाळ्यातली जत्रा, आगीची कवायत, वरच्या मजल्यावरच्या पोरांचा दंगा, सगळं त्याच्या गळ्यात. म्हणून निवडणूक अशी होतच नाही. ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ बारा वर्षं काइचो आहेत आणि दर वर्षी सभेत टाळ्या वाजतात. या वर्षी पहिल्यांदा दुसरं नाव आलं, खाली दुकानांच्या रांगेत सायकलींचं दुकान आहे त्या माणसाचं. इथे दुकानदाराला धंद्याच्या नावापुढे सान लावून हाक मारतात, तसं सगळे त्याला सायकलवाले-सान म्हणतात. त्याची आई जपानी. बाप आफ्रिकेतून आलेला, योकोहामाच्या गोदीत काम करायचा, हा लहान असतानाच वारला. स्वतः पन्नाशीचा, इथून दोन गल्ल्या पलीकडे जन्मला आणि दुसरीकडे कुठे राहिलाच नाही. जपानी सोडून एक भाषा येत नाही. चिडला तरी इथल्या माणसांसारखा गप्प बसतो. फक्त रंग आणि केस बापाचे.

हा माणूस कसा आहे ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मोठा भूकंप झाला तेव्हा लिफ्ट बंद पडल्या, नळ बंद पडले, आणि लेकीचे बाबा ऑफिसमध्ये अडकले. तेव्हा हा दोन दिवस पाण्याचे कॅन खांद्यावर घेऊन अकरा मजले चढत होता. मी तीन वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन दारात उभी. तो आमच्या उंबऱ्याबाहेर पायरीवर बसला, दम खाल्ला आणि विचारलं, ‘बाळाला दूध आहे का?’ तुमच्या सोसायटीत टाकी होती, माझ्याकडे कॅन. पाण्याचा उपकार विसरण्यात आपलं घराणं कुणाला हार जाणार नाही.

एका रविवारी सकाळी काइचो-सान संत्र्यांची पिशवी घेऊन आमच्याकडे आले. या वर्षी आमच्या जिन्याची गटप्रमुख मी आहे. चहा घेतला, गणपतीला सभागृह लागेल ना, असं आपणहून विचारलं. दर वर्षी तेच देतात. सायकलवाल्यांनीही दिलं असतं, ते मला ठाऊक होतं, म्हणून गणपतीचं निमित्त मी तुमच्यापुढे करणार नाही. मग त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘सायकलवाले-सान फार चांगला माणूस आहे. कष्टाळू आहे. पण…’ आणि थांबले. खिडकीबाहेर बघत राहिले. अण्णा, मी जागच्या जागी सातवीत गेले. माझा दंड दुखला. मी विचारायला हवं होतं, पण काय? मी म्हटलं, ‘हो, समजलं मला.’ ते खूश झाले. म्हणाले, ‘तुम्ही आता इथल्याच. आपल्या वसाहतीचं आपणच बघायला हवं.’ आपल्या, असं म्हणाले. अठरा वर्षं मी या शब्दाची वाट बघत होते. पर्समध्ये माझं परदेशी रहिवाशाचं कार्ड असतं, दर काही वर्षांनी रांगेत उभं राहून नवं करून आणावं लागतं. तो जन्माने जपानी आणि मी परकी, आणि तो किती परका ते ठरवायचं काम मला दिलं होतं. मला लाज वाटायला हवी होती. मला मान मिळाल्यासारखं वाटलं.

मत इथे कसं घेतात ते सांगते, म्हणजे मी काय केलं ते तुम्हाला नीट कळेल. तुम्हाला ते आवडेल. वसाहतीच्या सूचना एका पाटीला लावून घरोघर फिरवतात, तिला कायरानबान म्हणतात. वाचलं की सहीऐवजी आपला शिक्का मारायचा आणि पाटी शेजारच्या दाराच्या मुठीला अडकवून निघून यायचं. बेल वाजवायची नाही, थांबायचं नाही, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. या वेळी पाटीवर दोन रकाने होते, दोन नावं, आणि प्रत्येक घराने एका रकान्यात शिक्का मारायचा. पाटी नेहमी तळमजल्यावरून वर येते. मी गटप्रमुख म्हणून ती अकराव्या मजल्यावरून खाली नेली. पहिला शिक्का मी मारला, म्हाताऱ्याच्या रकान्यात, सगळ्यात वर, शाई नीट लागेल असा दाबून. आणि पाटी मुठीला अडकवली नाही. बेल वाजवून, ती हातात धरून, दारात उभी राहिले.

आमच्या मजल्यावर चार भारतीय घरं आहेत. शेजारी नुकतीच पुण्याहून आलेली एक मुलगी राहते, नवरा आयटीत, तिला दोन लहान मुली. ‘ताई, कुणाला द्यायचं हो? मला तर इथलं काही कळत नाही.’ मी म्हटलं, ‘तूच ठरव गं. माणसं दोन्ही चांगली. सायकलवाले तर हिरा आहेत. पण…’ ती लगेच म्हणाली, ‘हो ना ताई, घरात मुली आहेत आपल्या.’ असलं काही माझ्या मनातही नव्हतं. माझ्या ‘पण’पुढे तिने तिचं घातलं, पलीकडच्या घराने त्यांचं घातलं, आणि मी कुणालाच अडवलं नाही. किती सोयीची युक्ती आहे तुमची, ते मला त्या दिवशी कळलं. आपलं तोंड स्वच्छ राहतं.

नवव्या मजल्यावर एक जपानी आजी एकट्या राहतात. त्यांचं तांदळाचं पोतं, रॉकेल, सगळं सायकलवाला वर आणून देतो. त्यांनी शिक्का हातात घेतला आणि तो दुसऱ्या रकान्याच्या वर धरला. मग त्यांनी वरचे शिक्के बघितले, माझ्याकडे बघितलं. ‘सगळे असं करताहेत का?’ हळूच विचारलं त्यांनी. मी नम्रपणे हसले. हात थोडा डावीकडे सरकला आणि शिक्का पडला. मला म्हणाल्या, ‘तसदी दिली तुम्हाला.’ मी पाटी अडकवून निघून गेले असते तर त्या बाईने त्याला मत दिलं असतं. मी जिना उतरले आणि आठव्या मजल्यावरची बेल वाजवली.

बाकीच्या गटांत मतं जवळपास बरोबरीने पडली होती. निकाल आमच्या जिन्याने लावला. इथली रीत अशी की सगळे कागद लिफ्टजवळच्या फळ्यावर लावतात, कुणाला शंका राहू नये म्हणून. हे मला माहीत होतं, तरी मला वाटलं होतं की शिक्क्यांच्या गर्दीत माझा कोण बघतो. तिथे गेल्यावर कळलं. जपानी आडनावांचे शिक्के दुकानात तयार मिळतात. आपलं आडनाव कुठल्या दुकानात असणार, ते परकी नावं लिहायच्या वेगळ्या जपानी लिपीत मुद्दाम कोरून घ्यावं लागतं. कागदाच्या माथ्यावर, सगळ्यात आधी, लालभडक, आपलं आडनाव होतं. तुमचं आडनाव, अण्णा. मी इथे नवऱ्याचं लावत नाही, माहेरचंच ठेवलंय, तेव्हा त्याचाही मला अभिमान होता.

लेकीने ते शाळेतून येताना वाचलं. दुसऱ्या दिवशी कागदाच्या कचऱ्याचा वार होता, तिने निबंधाची प्रत जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात घातली आणि दोरी बांधून खाली ठेवून आली. पुढच्या आठवड्यात तिच्या सायकलचं चाक बसलं. खाली दुकान असताना ती सायकल ढकलत पुढच्या स्टेशनापर्यंत गेली, तिथून पंक्चर काढून आणलं. मी विचारलं, इतक्या लांब कशाला? ती म्हणाली, ‘त्यांना काय तोंड दाखवू?’ हे तिने मराठीत सांगितलं, मला नीट कळावं म्हणून.

मग मीच गेले. माझ्या सायकलची साखळी सैल झाली होती, तेवढं कारण पुरलं. तो नेहमीसारखाच उठला, वाकला, सायकल उलटी केली. मी उभी होते आणि बोलल्यावाचून राहवेना. म्हटलं, ‘तुम्ही काइचो म्हणून उत्तम काम केलं असतं, मला खात्री आहे. पण…’ आणि थांबले. इथे एवढं पुरतं. कुणीही मान हलवतो आणि गोष्ट संपते. त्याने फडक्याला हात पुसले, वर बघितलं आणि विचारलं, ‘पण काय?’

राग नव्हता त्याच्या आवाजात. मी साखळीकडे बघितलं. तो म्हणाला, ‘पन्नास वर्षं मी हे वाक्य अर्धंच ऐकत आलोय. इथली माणसं पुरं करत नाहीत. तुम्ही बाहेरून आलात, तुम्ही तरी सांगाल असं वाटलं.’ मी म्हटलं, साखळी आता ठीक वाटतेय. त्याने सायकल सरळ करून माझ्या हातात दिली, वाकला, सांभाळून जा म्हणाला. माझ्याकडे सांगण्यासारखं होतं. तू काळा आहेस, आणि तुला बाजूला सारलं की मी जरा आत सरकते. एवढंच होतं. दोन लहान वाक्यं, जपानीत मला ती सहज आली असती.

तेव्हापासून मी तुमच्यावर पूर्वीसारखी रागावू शकत नाही, आणि याचा मला फार राग येतो. तुम्हाला क्षमा वगैरे केलेली नाही. तुम्ही नीच वागलात, मी तुमच्याहून नीच वागले, कारण तुमचं वागणं मी आधी पाहिलं होतं आणि त्याचा निबंध सांगितला होता. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, मंगळवारी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात जाईल. फक्त एक सांगायचं राहिलं. रामरक्षेखेरीज मी वहिनीला आणखी एक गोष्ट खोटी सांगितली. मी तिला म्हणाले की शेवटी लाइन तुटली. लाइन तुटली नव्हती. माझं सगळं बोलून झाल्यावर तुमच्याकडून बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता, मग तोंडात काहीतरी जुळवाजुळव, आणि मग एक शब्द आला, जड, पण स्पष्ट. तुम्ही ‘पण’ म्हणालात. पुढचं बोलायला तुम्ही श्वास आत घेतलात तोही मी ऐकला, आणि फोन ठेवला.